गॅस मास्क घ्यायचाय? आधी वारा कुठून येतो ते बघा

गेल्या थंडीत एका रात्री साडेअकराच्या सुमाराला नवी मुंबईत आमच्या कोपरखैरण्याच्या सेक्टरभर सडक्या अंड्यासारखा वास पसरला. खिडक्या धडाधड लागल्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला आणि तासाभरात वास आला तसा गेलाही. आठवड्याने शेजारच्या वहिनी एक खोका घेऊन दारात. "भाऊजी, चार मागवलेत ऑनलाइन. बघा ना, चालतील का?"

चालणार नव्हते. काळ्या रबराचा मास्क, दोन बाजूंना दोन डबे, डब्यांवर 'अँटी गॅस' एवढंच छापलेलं. कुठला गॅस ते नाही, मानकाचा क्रमांक नाही, मुदत नाही. एक डबा फिरवून उघडला तर आत कापसाची चकती आणि काळा स्पंज. शिवाय चारही मास्क एकाच मापाचे, आणि वहिनींच्या घरात एक दाढीवाला नवरा, चष्मा लावणाऱ्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा.

मी महापेतल्या एका केमिकल कंपनीत सतरा वर्षं स्टोअर सांभाळलं. मास्क आणि कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लागणारे फिल्टरचे डबे, माझ्याच खिडकीतून बाहेर जायची आणि तिथेच परत यायची. कुणाला कुठलं द्यायचं, परत आलेलं कधी फेकायचं, हे मी तिथे शिकलो. वहिनींना दोन संध्याकाळी बसून जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

पहिली पायरी: घराच्या आसपास काय आहे?

दुकानात जाण्याआधी नकाशा उघडा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका हाताला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी ही राहती वस्ती. दुसऱ्या हाताला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत, दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा एमआयडीसीचा पट्टा. दिवसा वारा बहुतेक समुद्राकडून येतो. थंडीच्या रात्री तो उलटा, जमिनीकडून खाडीकडे वाहतो, म्हणजे कारखान्यांकडून घरांकडे. त्यातून रात्रीची गार हवा जमिनीलगत अडकून राहते, वर उठत नाही. वास नेमका रात्रीच का येतो, याचं बरंचसं उत्तर एवढ्यात आहे. तळोजा, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही राहत असाल तरी हेच करून बघा: कारखाने कुठल्या दिशेला आणि रात्रीचा वारा कुठून.

मग त्या दिशेला काय साठवलेलं आहे ते शोधा. कोल्ड स्टोरेज आणि बर्फाचा कारखाना म्हणजे अमोनिया. पाणी शुद्धीकरण केंद्र म्हणजे बहुधा क्लोरीन. रंग, औषधं, रेझिन बनवणारे म्हणजे टोल्युइन, स्टायरीन, ॲसिटोन असली सॉल्व्हंट्स, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारी, चटकन वाफ होणारी द्रव्यं. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. घातक रसायनांबद्दलच्या १९८९ च्या नियमांत धोकादायक कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याची आणि बचावाची माहिती द्यावी असं स्पष्ट म्हटलंय. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन विभाग, या दोन ठिकाणी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा सोसायटीच्या पत्राला उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

आणि वासाला घाबरू नका, पण त्याच्यावर विसंबूही नका. सडक्या अंड्याचा वास बहुधा हायड्रोजन सल्फाइडचा. आपलं नाक तो दहा लाखांत एक भागापेक्षाही कमी असताना ओळखतं, तेव्हा नुसता वास आला म्हणजे जिवावर बेतलं असं नाही. उलट त्याचं प्रमाण दहा लाखांत शंभरच्या घरात गेलं की नाकच बधिर होतं आणि वास 'गेल्यासारखा' वाटतो. डोळे चुरचुरू लागले, घसा धरला, छाती आवळली, तर मग वासाची चर्चा बंद.

मास्क कुठे उपयोगाचा नाही

हा भाग नीट वाचा, कारण मास्क घेऊन माणसं मरतात ती इथे.

गॅस मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. साध्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला की जगातला सर्वांत महागडा फिल्टरही शोभेचा. म्हणून गटार, सेप्टिक टँक, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र), पाण्याची बंद टाकी इथे मास्क लावून उतरायचं नाही, कुणाला उतरू द्यायचं नाही. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलाच्या एसटीपीत तीन कामगार गेले. अशा जागी बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारं श्वसनयंत्र, लागतो, आणि तो वापरायला शिकलेली माणसं. अग्निशमन दलाला बोलवा.

आग लागली तर? घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारे हे हमखास विचारतात. आगीच्या धुरात माणूस मारतो तो मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि नेहमीचा कोळशाचा फिल्टर त्याला अडवत नाही. आगीसाठी वेगळा 'एस्केप हूड' मिळतो. डोक्यावरून पिशवीसारखा ओढायचा, ईएन ४०३ या युरोपियन मानकाचा, पंधरा मिनिटं जिन्याने खाली उतरण्यापुरता. टॉवरमध्ये राहणाऱ्याला मी गॅस मास्कआधी हाच घ्यायला सांगेन.

सिलिंडरचा गॅस गळत असेल तर मास्क शोधत बसू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. स्फोटाचंही तसंच. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले, तेव्हा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मोठा आवाज झाला, आकाशात लोट दिसला की आपण सगळे मोबाइल घेऊन खिडकीशी धावतो. त्या वेळी खिडकीपासून दूर राहणं हे कुठल्याही मास्कपेक्षा मोठं संरक्षण आहे.

राहिला कोविडमधला एन-९५. तो कण अडवतो, धूळ अडवतो. गॅस त्यातून आरपार जातो.

फिल्टर: सगळी अक्कल इथे लागते

मास्क म्हणजे नुसता साचा. काम करतं ते कार्ट्रिज. आत ॲक्टिव्हेटेड चारकोल असतो, बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीपासून केलेला. त्याच्या एका ग्रॅमच्या भोकाभोकांचं पृष्ठफळ साधारण हजार चौरस मीटर भरतं. गॅसचे रेणू त्यात अडकतात. पण साधा कोळसा सगळे गॅस धरत नाही. अमोनियासाठी, आम्लवायूंसाठी त्यावर वेगवेगळी रसायनं चढवावी लागतात. म्हणून कार्ट्रिजवर अक्षरं आणि रंगाचे पट्टे असतात.

युरोपियन मानकात, म्हणजे ईएन १४३८७ मध्ये, ती अशी आहेत. ए, तपकिरी: सॉल्व्हंटच्या वाफा, ज्यांचा उत्कलनबिंदू ६५ अंशांच्या वर आहे. ७ मे २०२० ला पहाटे विशाखापट्टणमला स्टायरीन सुटलं, ते या गटात येतं. बी, करडा: क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड. १४ जुलै २०१० ला शिवडीला बंदराच्या आवारातल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराच्या वर माणसं दवाखान्यात गेली. तिथे 'ए' घालून गेलेला फसला असता. ई, पिवळा: सल्फर डायऑक्साइड आणि तसले आम्लवायू. के, हिरवा: अमोनिया. पी, पांढरा: कण आणि धुकं.

आता खोच. ॲसिटोन, मेथिलीन क्लोराइड असली द्रव्यं ६५ अंशांच्या आतच उकळतात. साध्या 'ए'मध्ये ती अडकून राहत नाहीत, त्यांना 'एएक्स' लागतो. दुसरी खोच रंगाची. आपल्याकडे अमेरिकन पद्धतीची कार्ट्रिजही सर्रास विकली जातात आणि त्यांचे रंग वेगळे. हिरवा दोन्हीकडे अमोनियाच, पण अमेरिकन पांढरा म्हणजे आम्लवायू, काळा म्हणजे सॉल्व्हंट, पिवळा म्हणजे ही दोन्ही. आमच्याकडे एकदा रात्रपाळीचा एक मुलगा पांढऱ्या पट्ट्याचं कार्ट्रिज हातात घेऊन 'हे डस्टचं ना?' म्हणत उभा होता. त्याचं चुकलं नव्हतं. आदल्या कंपनीत ते डस्टचंच होतं. तेव्हापासून मी रंगावर कधी दिलं नाही, छापलेलं वाचून दिलं.

घरासाठी नेमका कुठला गॅस येईल ते आधी कळत नाही, म्हणून एकत्रित फिल्टर घ्या: ए, बी, ई, के ही चारही अक्षरं आणि सोबत पी-३, म्हणजे कण अडवणारा सर्वांत वरचा दर्जा. अमेरिकन पद्धतीत याच्या जवळचं म्हणजे मल्टी-गॅस, शेवाळी पट्ट्याचं.

ए, बी, ई, के यांच्यापुढचा आकडा म्हणजे दर्जा. १ म्हणजे हवेत गॅस ०.१ टक्क्यापर्यंत, २ म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंत, ३ म्हणजे एक टक्क्यापर्यंत. मोठा आकडा मोह पाडतो, पण कार्ट्रिज जड होतं, श्वास ओढायला जोर लागतो आणि नाक-तोंडापुरता हाफ मास्क नाकावरून घसरतो. घरातून बाहेर पडण्यासाठी १ पुरेसा, पूर्ण चेहरा झाकणाऱ्या फुल फेसला हवं तर २.

आणि हे जरा थांबून वाचा. 'बी १' ला प्रयोगशाळेत ०.१ टक्के क्लोरीन असलेल्या हवेत किमान वीस मिनिटं टिकावं लागतं, तेही मिनिटाला तीस लिटर हवा ओढली तर. हातात पोर घेऊन जिने उतरणारा घाबरलेला माणूस त्याच्या दुप्पट हवा सहज ओढतो. रस्त्यावर क्लोरीन इतका दाट असेलच असं नाही, पण तुमच्याकडे मोजायचं साधन नसतं. तेव्हा हिशोब मिनिटांत धरा. मास्क लावून गॅलरीतून बघत उभं राहायचं नाही, निघायचं.

हाफ की फुल फेस?

हाफ मास्क नाक-तोंड झाकतो, फुल फेस डोळेही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत हाफ मास्कचं संरक्षण १० पट धरतात आणि फुल फेसचं ५० पट. पण मला आकड्यापेक्षा डोळे महत्त्वाचे वाटतात. अमोनिया आणि क्लोरीन आधी डोळ्यांना झोंबतात, आणि डोळे उघडता आले नाहीत तर फुप्फुसं शाबूत असूनही जिना सापडत नाही. परवडत असेल तर फुल फेस. नसेल तर हाफ मास्क आणि सोबत हवेची भोकं नसलेला घट्ट गॉगल. फुल फेसला हाफच्या कित्येक पट पैसे पडतात, म्हणून चार जणांच्या घरात मी दुसराच मार्ग सांगतो: मास्क दोनच, कसे ते पुढे येतं.

चेहरा मात्र मोजावाच लागतो. लहान, मध्यम, मोठा अशी मापं येतात. दुकानात घालून बघा: पट्टे बेताने ओढा, दोन्ही तळहातांनी कार्ट्रिजची तोंडं झाका, हलका श्वास आत घ्या आणि दहा आकडे मोजा. मास्क गालांना चिकटून बसला पाहिजे आणि तसाच राहिला पाहिजे. कुठूनही गार झुळूक लागली तर माप चुकलं किंवा पट्टा सैल. वहिनींच्या नवऱ्याने घातला तेव्हा मास्क बसलाच नाही, हवा दाढीतून सूं सूं करत आत. "दाढी काढावी लागेल," म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याची जमीन मागितली. पण याला दुसरा उपाय नाही. दोन दिवसांची खुंटंसुद्धा सील सोडवतात. सासूबाईंचा चष्मा फुल फेसमध्ये अडतो, कारण काड्या रबराखालून जातात. आत बसवायची वेगळी फ्रेम मिळते, पण एकदा वापरायच्या गोष्टीसाठी त्यांना हाफ मास्क आणि चष्म्यावरून बसणारा गॉगल बरा. अंबाडा सैल करून खाली घ्यायचा, नाहीतर मागचा पट्टा वर सरकतो.

दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फिल्टरमधून श्वास ओढणं कष्टाचं आहे. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क बसत नाही, बांधून दाबूनही नाही. त्यांच्यासाठी घर बंद करणं हाच उपाय, तो पुढे येतो.

कुठे घ्यायचा, काय बघायचं

एमआयडीसीजवळच्या सेफ्टीच्या दुकानांत जा, किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा. ऑनलाइन घेतलात तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. कार्ट्रिज कारखान्यातल्यासारखं सीलबंद असावं आणि त्यावर मानक, अक्षरं, दर्जा आणि मुदतीचं वर्ष छापलेलं असावं. मुदत दीड वर्षावर आलेली असेल तर दुसरं मागा. दुकानदार कुरकुरेल, देईल.

कार्ट्रिजची जोडणी बघा. बऱ्याच कंपन्यांचं आपापलं खटका-फिरकीचं जोड असतं आणि दुसऱ्याचं त्याला बसत नाही. फुल फेसवर ४० मिलिमीटरचा गोल आटा असेल, म्हणजे ईएन १४८-१, तर फिल्टरची निवड बरीच मोकळी होते. ज्याची कार्ट्रिज तीन-चार वर्षांनीही मिळतील, तो मास्क घ्या.

लष्करी 'सरप्लस' मास्क दिसायला झक्कास असतात. ते भिंतीवर टांगा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस होतं, आणि इतका जुना कोळसा हवेतली ओल पिऊन केव्हाच निकामी झालेला असतो.

सराव, नाहीतर सगळं फुकट

१९९१ च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडत होती आणि तिथे घरोघर गॅस मास्क वाटलेले होते. रासायनिक हल्ला झालाच नाही. पण फिल्टरचं बूच काढायचं विसरून मास्क घातल्यामुळे काही माणसं गुदमरून मेली. म्हणून एक जुनं, मुदत संपलेलं कार्ट्रिज सरावासाठी ठेवा आणि दिवे घालवून घालून बघा. बूच काढणं, बसवणं, हनुवटी आधी आत, मग वरचे पट्टे, मग खालचे, मग तळहात लावून तपासणी. वहिनींना पहिल्या वेळी दोन मिनिटं लागली आणि मंगळसूत्र पट्ट्यात अडकलं. चौथ्या वेळी पंचवीस सेकंद. मुलगा घड्याळ लावून बसला होता.

आणि खरोखर वेळ आली तर? सोसायटीतल्या दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते बघा. वारा समोरून येत असेल तर पाठ करून पळू नका, कारण गॅसचा ढग तुमच्या मागोमाग येतो. वाऱ्याला आडवं जा. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तो सखल जागी, तळमजल्यावर, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये साचतो, म्हणून तळमजल्यावरच्यांनी वर जावं. अमोनिया तसा हलका, पण टाकीतून गार सुटला की तोही काही वेळ जमिनीलगत सरपटतो.

वरच्या मजल्यावर असाल आणि बाहेर ढग असेल तर बहुतेक वेळा घरातच थांबणं शहाणपणाचं. एसी, एक्झॉस्ट बंद. आतली, कमी खिडक्यांची खोली निवडा, स्लायडिंगच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. सिडकोच्या जुन्या घरांत बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते, ती कधीच पूर्ण लागत नाही. तिच्यावर आधीच मापाने कापून ठेवलेलं प्लास्टिक लावा. मुलं आणि म्हातारी माणसं इथे. म्हणूनच चौघांच्या घरात दोन मास्क पुरतात असं मी म्हणतो: जे बाहेर जाऊन मदत आणतील किंवा गॅलरीचं दार लावायला जातील त्यांना. बाकीच्यांसाठी ओला रुमाल नाका-तोंडावर. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, क्लोरीनही थोडाफार, तेव्हा काहीच नसण्यापेक्षा बरा. ११२, १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

ठेवण्याबद्दल थोडंच. उन्हात नाही, गाडीच्या डिकीत नाही, माळ्यावर पत्र्याखाली नाही. आपल्याकडचा पावसाळा कोळशाचा शत्रू आहे, म्हणून कार्ट्रिजचं सील वेळ येईपर्यंत तोडायचंच नाही. एकदा उघडलं तर मार्करने तारीख घाला आणि सहा महिन्यांत बदला. गॅसमध्ये वापरलेलं असेल तर त्याच दिवशी टाकून द्या. मास्क कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, आणि दुमडून नाही तर आकारात राहील असा डब्यात ठेवा.

वहिनींनी शेवटी दोन फुल फेस घेतले, सासूबाईंसाठी एक हाफ, आणि नवऱ्याने दाढी ठेवली. मुदत त्यांनी कालनिर्णयवर लिहून ठेवलीय, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात तिथेच. दर दिवाळीला नवं कालनिर्णय आलं की ती तारीख त्यावर उतरवायची, एवढं काम मुलाकडे दिलंय.